दुरुस्ती मान्य

"मला एक ओळ लिहून पाहिजे, सर. एकच ओळ," असं म्हणून त्या गृहस्थांनी पिशवीतून आमचाच कोश काढला आणि रत्नपारखी सरांच्या टेबलावर ठेवला.

सर अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी कोशाकडे पाहिलं, गृहस्थांच्या धुळीने भरलेल्या चपलांकडे पाहिलं आणि पुन्हा सुपारीकडे वळले.

"कसली ओळ?"

"'कॉल ऑफ'चा अर्थ छापताना चूक झालीय, एवढंच. मंडळाच्या कागदावर. खाली तुमची सही."

अठ्ठ्याऐंशी सालचा मार्च महिना होता. औरंगपुऱ्यात एका वह्यापुस्तकांच्या दुकानावर आमच्या सुबोध कोश मंडळाच्या तीन खोल्या होत्या. रत्नपारखी सर निवृत्त प्राचार्य आणि मंडळाचे मुख्य संपादक. मी शैला दहिवाळ, चोवीस वर्षांची, सहा महिन्यांपूर्वी लागलेली आणि अजून कायम न झालेली सहायक. वाचकांची पत्रं उघडायची आणि त्यांना उत्तरं धाडायची हे माझं काम. विद्यार्थ्यांसाठीचा आमचा इंग्रजी-मराठी कोश नुकताच सरकारने शाळाशाळांतून वाटला होता आणि आम्ही सगळे जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

गृहस्थांनी नाव सांगितलं, नामदेव भालशंकर. शेजारच्या जिल्ह्यातल्या धामणखेड्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. नाव ऐकून मी मान खाली घातली. या नावाची तीन पत्रं आमच्याकडे आली होती, आणि त्यातल्या शेवटच्या दोन पत्रांना मीच उत्तर धाडलं होतं.

"काय चुकलंय अर्थात?" सरांनी विचारलं.

भालशंकर सरांनी एसटीचं तिकीट घालून ठेवलेलं पान उघडलं आणि वर्गात वाचावं तसं स्वच्छ वाचलं. "'कॉल ऑफ. ठरलेला कार्यक्रम न घेण्याचे किंवा पुढे चालू ठेवण्याचे ठरवणे.' आता सांगा सर, लेकरानं यातून काय समजावं? कार्यक्रम बंद करायचा का चालू ठेवायचा?"

"बंद. उघड आहे. तो 'न' दोन्हीकडे लागतो."

"इंग्रजी ओळीत लागतो, खरंय. नॉट टु होल्ड ऑर कंटिन्यू. तिथंबी नवखा माणूस अडखळतोच, हा 'नॉट' पुढच्याला धरतोय का पहिल्यापाशीच थांबलाय म्हणून. पण मराठीत आणताना तुम्ही 'न' पहिल्यालाच बांधला. दुसरं मोकळं सुटलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या लेकरांनी लिहिलं, कॉल ऑफ म्हणजे कार्यक्रम चालू ठेवणे."

"सुज्ञ वाचकाला संदर्भाने कळतं."

"सुज्ञ वाचकाला कोश कशाला लागतो, सर?"

हे त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. मला हसू आलं आणि मी ते पदराआड दाबलं.

आमच्याकडे व्याख्या कशा तयार होत ते इथे सांगायला हवं, नाहीतर हे सगळं कुणाला खरं वाटणार नाही. विलायती कोशातली ओळ घ्यायची आणि शब्दाला शब्द ठेवून मराठीत उतरवायची. "व्याख्येत स्वतःचं डोकं घालायचं नाही," हा सरांचा दंडक होता. साध्या शब्दांचं त्याने फार बिघडत नसे. पण ही जी इंग्रजीतली दोन-तीन शब्दांची क्रियापदं असतात, फ्रेजल व्हर्ब्ज, त्यांच्या व्याख्या मुळातच 'किंवा', 'आणि', 'विशेषतः' यांनी गच्च भरलेल्या असतात. कुठला शब्द कुणाशी बोलतोय हे आधी स्वतःला समजून घ्यावं लागतं. आम्ही समजून घ्यायच्या भानगडीत पडत नव्हतो. उतरवून काढत होतो.

"एवढं एकच न्हाई," भालशंकर सर सांगत होते. "'टर्न अप' बघा. 'अनपेक्षितपणे किंवा हरवल्यानंतर येणे, सापडणे.' एका पोरीनं मला विचारलं, सर, पाहुणा टर्न अप झाला म्हणजे तो आधी हरवला होता का? काय सांगू मी तिला?"

"हे पाहा, तुम्ही आलात कशासाठी ते सांगा. माझ्याकडे वेळ नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या शाळेला कोशाच्या चाळीस प्रती मिळाल्या. 'कॉल ऑफ'ची ओळ त्यांच्या ध्यानात आली तेव्हा त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. छापील उत्तर आलं. दुसरं लिहिलं, पुन्हा तेच छापील उत्तर. तिसऱ्यालाही तेच. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. मग एके दिवशी त्यांनी वर्गात चाळीसच्या चाळीस प्रती वाटल्या, ते पान उघडायला लावलं आणि प्रत्येकाला पेनाने ती ओळ खोडून वर नीट अर्थ लिहायला सांगितलं. 'ठरलेला कार्यक्रम रद्द करणे किंवा मध्येच बंद करणे.'

जानेवारीत विस्तार अधिकारी तपासणीला आले. त्यांनी एक प्रत उघडली, खाडाखोड दिसली. दुसरी उघडली, तिथेही तीच. मग चाळीसही प्रती त्यांनी टेबलावर मागवल्या आणि वर्गाला विचारलं की हे कुणी केलं. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "आम्ही केलं सर. पुस्तकात चुकलं होतं."

"आता तुम्ही सांगा," भालशंकर सर म्हणाले, "त्या पोरीचं काय चुकलं? सायेब म्हणले, सरकारनं दिलेलं पुस्तक चुकीचं आणि हा दोन वर्षाचा मास्तर बरोबर? सरकारी मालमत्ता विद्रूप केली म्हणून नोटीस आली मला. वरून, विद्यार्थ्यांना मान्य ग्रंथाविरुद्ध शिकवतो म्हणून. माझी परिविक्षा ह्या महिन्यात संपतीय. गुरुवारी अकरा वाजता सुनावणी आहे. आरोप कायम राहिला की नोकरी गेली. शिक्षणाधिकारी म्हणले, तुमचं म्हणणं खरं असंल तर मंडळाचं लिहून आणा, मी सोडून देतो. म्हणून आलो. आमच्या घरात पगाराची नोकरी माझ्यापासून सुरू झालीय, सर."

कुणीही माणूस यावर कागद पुढे ओढला असता. रत्नपारखी सरांनी सुपारी तोंडात टाकली.

"सरकारी प्रतींवर शाई फिरवली तुम्ही. हे मी तुम्हाला करायला सांगितलं होतं का?"

"न्हाई."

"मंडळ असं काही लिहून देत नाही. आजवर दिलेलं नाही. शैला, यांना आपलं उत्तर दे."

उत्तर म्हणजे ते छापील पोस्टकार्ड. 'आपल्या पत्राबद्दल आभार. कोशातील सर्व अर्थ तज्ज्ञांनी तपासलेले आहेत. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' शहाण्यालाही तेच आणि खुळ्यालाही तेच. मी खण उघडला आणि त्यातलं एक काढलं.

"राहू द्या बाई," भालशंकर सर म्हणाले. "तीन आहेत माझ्याकडं."

त्यांनी कोश पिशवीत घातला, दोघांनाही नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी उठले आणि मागच्या खोलीत गेले. तिथे हबीबभाई बसायचे. साठीचे गृहस्थ, मंडळाच्या स्थापनेपासूनचे. भिंतीभर लाकडी खण आणि खणांत कार्डं, एका शब्दाला एक. कुठलं कार्ड कुठे आहे ते त्यांना डोळे मिटून सांगता येई.

"हबीबभाई, 'कॉल ऑफ'चं कार्ड दाखवा ना."

"पांढरं का पिवळं?" त्यांनी विचारलं.

पिवळी कार्डं असतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी म्हणाले, दोन्ही.

पांढऱ्या कार्डावर छापलेली ओळ होती. पिवळ्यावर भालशंकर सरांच्या पहिल्या पत्राचा सारांश होता, कुणाचं पत्र, कुठल्या गावाहून, कुठल्या तारखेचं. खाली नवी व्याख्या, जवळजवळ भालशंकर सरांच्याच शब्दांत. आणि त्याखाली हिरव्या शाईत, रत्नपारखी सरांच्या वळणदार अक्षरात: 'दुरुस्ती मान्य. पुढील आवृत्तीत घ्यावी.' सही. तारीख मागच्या सप्टेंबरची. म्हणजे तपासणीच्या चार महिने आधीची.

मी ते तीनदा वाचलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"चूक खरी असली की सर पिवळं कार्ड करतात," हबीबभाई म्हणाले. "नव्या छपाईत गुपचूप घालतात. पत्रवाल्याला छापील जवाब. असंच चालत आलंय बेटा, आपल्या सगळ्याच कोशांत, वीस सालांपासून."

"आणि कुणाला सांगत नाहीत?"

"कुणाला सांगणार? दुकानदार आपल्या मालात खोट हाय म्हणून बोर्ड लावतो का?"

मी कार्ड घेऊन तरातरा सरांपुढे गेले. हबीबभाई "बाई, बाई" करत मागे आले. ते कार्ड त्यांच्या ताब्यातलं होतं आणि खोलीबाहेर गेलेलं त्यांना चालत नसे.

"सर, तुम्ही हे मान्य केलंय. सही आहे तुमची."

सरांनी कार्डाकडे पाहिलंही नाही. "हो. चूक आहे. सुधारू आपण."

"मग त्यांना एक ओळ लिहून द्यायला काय झालं? नोकरी जातेय त्यांची."

"शैला, बस." मी बसले नाही. "कोशाने चूक सुधारावी, कबूल करू नये. आज एकाला लिहून दिलं की उद्या शंभर जण दाराशी येतील. शिक्षण विभागाकडे आपली दुसरी आवृत्ती मंजुरीला पडली आहे. कोश चुकीचा आहे असं आपल्याच कागदावर त्यांच्या हाती दिलं तर मंजुरी मिळेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. पोस्टकार्डांवर लिहितो ते खोटं नाही, सूचनेची नोंद आपण खरोखर घेतो."

"त्यांच्याच शब्दांत अर्थ लिहून घेतलात, आणि ते बाहेर गेले तेव्हा साधं पाणी नाही विचारलंत."

"घरातलं कार्ड आहे ते. घरात ठेव," सर म्हणाले आणि प्रुफं पुढे ओढली. त्यांना राग आला नव्हता, आणि मला त्याचाच जास्त संताप आला. माणूस लाजला तरी पाहिजे.

हबीबभाईंनी कार्ड माझ्या हातातून अलगद काढून घेतलं. मी त्यांना मागच्या खोलीत गाठून म्हणाले, गुरुवारपुरतं द्या. त्यांनी मान हलवली. "बेटा, माझी दोन वर्षं उरलीत. कार्ड बाहेर गेलं तर माझ्यावर येतं. बघायचंय तितकं बघ. लिहून घ्यायचं तर लिहून घे. मी नमाजाला जातो." ते खरोखर गेले, खण उघडा ठेवून. कार्ड उचलून पर्समध्ये टाकायला मला कुणीच आडकाठी केली नसती. मी तसं केलं नाही, हबीबभाईंचा विचार करून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. मी कोऱ्या कागदावर कार्डाची अक्षरन् अक्षर नक्कल केली. सारांश, नवी व्याख्या, 'दुरुस्ती मान्य', तारीख.

भालशंकर सर खाली दुकानाच्या कट्ट्यावर बसून शेंगदाणे खात होते. त्यांची बस साडेचारची होती. मी नक्कल दाखवली. त्यांनी ती वाचली आणि घडी घालून मला परत दिली.

"म्हणजे सप्टेंबरातच कळलं होतं त्यायला," ते म्हणाले. "मला वाटायलं होतं, पत्र कुणी वाचतच नसंल."

"गुरुवारी मी येते," मी म्हणाले. "मी स्वतः सांगते साहेबांना."

"तुम्ही कशाला येता, बाई? तुमची नोकरी नवी हाय."

"खरं बोलायला भ्यायचं कशाला, सर? मी माझ्या डोळ्यांनी कार्ड पाहिलंय."

किती नाकाने कांदे सोलत होते मी. पण त्या वेळी मला ते अगदी मनापासून वाटत होतं, हेही खरं आहे.

गुरुवारी आई आजारी असल्याचं सांगून रजा टाकली आणि पहाटेची एसटी धरली. जिल्हा परिषदेच्या इमारतीत शिक्षणाधिकाऱ्यांच्या खोलीबाहेर भालशंकर सर उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात तीच पिशवी. मला पाहून ते इतके खूश झाले की मला लाज वाटली. सोबत त्यांनी कुणालाच आणलं नव्हतं.

शिक्षणाधिकारी पन्नाशीचे होते, सर्दीने बेजार झालेले, रुमालात शिंकत बोलणारे. माणूस वाईट नव्हता. टेबलावर त्या चाळीस प्रतींपैकी दोन पुरावा म्हणून ठेवल्या होत्या. त्यांनी खोडलेली ओळ वाचली, वर लिहिलेली वाचली आणि भालशंकर सरांना म्हणाले, "अर्थ तुम्ही लिहिला तोच बरोबर असावा. मलाही तसंच वाटतं. पण मला वाटून काय उपयोग? फायलीत छापील पुस्तक आहे आणि त्यावर तुमची शाई आहे. मंडळाचं पत्र आणलं?"

"पत्र न्हाई दिलं सर. पण मंडळातल्या ह्या बाई आल्यात."

मी नक्कल पुढे केली. पिवळ्या कार्डांची पद्धत सांगितली, सही सांगितली, तारीख सांगितली. माझा आवाज खणखणीत होता. मंडळाने चूक सप्टेंबरातच मान्य केली आहे आणि या शिक्षकाला जाणूनबुजून वाऱ्यावर सोडलं आहे, असंही मी म्हणाले.

साहेबांनी कागद उलटसुलट केला. "ही नक्कल. अस्सल कुठे आहे?"

"मंडळात. बाहेर देत नाहीत."

"विचारून घेऊ," ते म्हणाले आणि टेबलावरचा फोन ओढला. एरवी तो फोन तासतास लागत नसेल, त्या दिवशी झटकन लागला. "रत्नपारखी साहेब का? नमस्कार. शिक्षणाधिकारी बोलतोय. 'कॉल ऑफ' या शब्दाच्या अर्थाची दुरुस्ती तुमच्याकडे कुठे मान्य होऊन नोंदलेली आहे का? … कार्डावर वगैरे? … नाही? … अशी पद्धतच नाही. बरं. बरं. नाही, सहज विचारलं. आभारी आहे."

फोन ठेवायच्या आतच आमच्या लक्षात आलं होतं. भालशंकर सर खाली बघत होते. सत्तरीला आलेला माणूस, हजारो मुलं हाताखालून गेलेली, आणि अशी पद्धतच नाही म्हणतो.

आजवर ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे. मैत्रिणींना, मुलांना, मंडळात नव्याने लागणाऱ्या पोरींना. दर वेळी मी इथे थांबते, फोन ठेवल्याच्या आवाजाशी. ऐकणारे रत्नपारखी सरांच्या नावाने बोटं मोडतात आणि माझ्याकडे आदराने बघतात. मी त्यांना बघू देते. सर जाऊन आता पंधरा वर्षं झाली, आणि मेलेल्या माणसावर सगळं ढकलणं सोपं असतं. पण त्या खोलीत फोननंतरही काही झालं.

साहेबांनी नाक पुसलं आणि माझी नक्कल माझ्यापुढे सरकवली. "बाई, यावर तुमची सही नाही."

"नक्कल आहे ती," मी म्हणाले.

"ते दिसतंय मला. ऐका. तुमचं नाव मी फोनवर घेतलं नाही, ध्यानात आलं असेल. या नकलेवर माझा अजून विश्वास आहे. नव्या व्याख्येची भाषा काही तुम्ही बसमध्ये बसून रचलेली नाही." त्यांनी एक कोरा कागद काढला आणि आपलं पेन त्यावर ठेवलं. "एक ओळ लिहा. मी अमुक अमुक, मंडळाची सहायक, हे कार्ड मी स्वतः पाहिलं आहे. खाली सही आणि तारीख. तेवढं मला पुरेल. उद्या मंडळाने काही म्हटलं तर त्यांना कार्डं दाखवायला मी लावीन. हा माणूस सुटेल."

मी पेन उचललं. 'मी' लिहिलं.

माझी परिविक्षा तेव्हा सुरू होती. एम.ए. झाल्यावर तीन वर्षं घरी बसून ती नोकरी मिळाली होती. ती गेली असती तरी घरात कुणी उपाशी मरणार नव्हतं, हेही सांगते. वडिलांचं सराफकट्ट्यावर दुकान होतं. मला फक्त तो कोश हवा होता, ते खण, ती कार्डं, शब्दांत बसून दिवस घालवणं. कागदावर 'मी' लिहून झालं, पुढे नाव लिहायचं होतं, आणि पेन पुढे जाईना. खोलीत पंखा चालू होता. साहेब थांबले. भालशंकर सर थांबले.

"राहू द्या, बाई," भालशंकर सर म्हणाले. "माझ्यापायी तुमचं कशाला."

मला त्यांनी थांबवलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. त्यांनी 'राहू द्या' म्हटलं ते मी थांबल्यावर, आणि तेही चांगलं मिनिटभराने. मला अवघडायला नको म्हणून त्यांनी ती एक वाट करून दिली आणि मी त्या वाटेने निघाले. मी पेन खाली ठेवलं.

साहेबांनी तो 'मी' लिहिलेला कागद घेतला, चुरगाळून टोपलीत टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही इथे आलाच नव्हता असं समजू." मग फाईल पुढे ओढून ते लिहायला लागले.

बाहेर व्हरांड्यात आम्ही उभे राहिलो. मला काहीतरी बोलायचं होतं. मी रत्नपारखी सरांबद्दल बोलायला लागले, किती खोटारडा माणूस आहे, कसा सहज खोटं बोलला, वगैरे. आवाज पुन्हा खणखणीत झाला होता. भालशंकर सर शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वहीतली फाडून दोऱ्याने शिवलेली काही पानं काढली.

"ह्याच्यात अकरा आहेत," ते म्हणाले. "'टर्न अप' हाय, 'पुट अप विथ' हाय. लेकरं जिथं जिथं अडली ते मी लिहून ठिवलं होतं. कुठला शब्द कुणाला धरतोय ते खुणा करून दाखवलंय. पुढच्या आवृत्तीला उपयोगी पडंल. माझ्या शाळेतली ही पोरं पास होऊन जातील, पण पुस्तक ऱ्हाईल की."

"तुमचं काय, सर?"

"बघू. शिकवण्या घेता येतात." मग जरा थांबून म्हणाले, "त्या पोरीला काय सांगावं ते कळंना. ती म्हणली होती ना, पुस्तकात चुकलं होतं. ती आता विचारील, मग सर तुम्हाला का काढलं."

मी पानं घेतली. आभार मानले. आभार मानले मी. त्यांनी मला एसटी स्टँडचा जवळचा रस्ता दाखवला आणि ते दुसऱ्या बाजूला गेले.

आठ दिवसांत त्यांची सेवा संपल्याचा आदेश निघाला, हे मला त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या पत्रातून कळलं. कोशाच्या चाळीस प्रती बदलून मिळाव्यात अशी विनंती मुख्याध्यापकांनी केली होती. त्या पत्राला मी छापील उत्तर धाडलं. भालशंकर सर पुढे कुठे गेले, कुणाला माहीत नव्हतं. निदान मी विचारलं तेवढ्यांना नव्हतं, आणि मी फार जणांना विचारलं नाही.

पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती मंजूर झाली. त्यात 'कॉल ऑफ' सुधारला होता. ती अकरा क्रियापदंही सुधारली होती, कारण त्यांची पिवळी कार्डं मी केली. पत्रलेखकाच्या जागी मी काही लिहिलं नाही. सरांनी विचारलं, हे कुणी शोधलं, तर मी म्हणाले, वाचताना सापडत गेलं. ते माझ्यावर फार खूश झाले. त्याच महिन्यात मी कायम झाले आणि आज मंडळाची मुख्य संपादक म्हणून सरांच्याच खुर्चीत बसते.

आमच्याकडे आता कार्डं नाहीत. छापील पोस्टकार्डं मी बंद केली, चुकांची यादी दर आवृत्तीला मागे छापते, आणि लोक त्याबद्दल माझं कौतुक करतात. पण दुसऱ्या आवृत्तीची रत्नपारखी सरांची प्रस्तावना अजून प्रत्येक छपाईत पुढे असते. त्यात एक वाक्य आहे, की फ्रेजल व्हर्ब्जच्या संदिग्ध व्याख्या श्रीमती शैला दहिवाळ यांनी स्वतःच्या चोखंदळ नजरेने हेरून निर्दोष केल्या. सव्वीस वेळा ती प्रस्तावना पुन्हा छापली गेली. दर वेळी प्रुफं माझ्या टेबलावर येतात, आणि दर वेळी मी त्या पानावर सही करते.